आत हात फिरवलात काय?

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे कॉम्प्युटरसमोर बसणं. लोकांकडे बायकोबरोबरच्या शेवटच्या चहाची आठवण असते. माझ्याकडे आहे एक जुना लॅपटॉप आणि त्याच्या कुशीत खुपसलेला पेनड्राइव्ह.

लॅपटॉप लेकीनं टाकून दिलेला. गेल्या पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून, झावळ्यांनी झाकून शाकारल्यावर कोळीवाड्यात कामं थांबली, तेव्हा बायकोनं त्यात हळदीची गाणी गाऊन भरली. आमच्याकडे हळदीला तिला बोलावल्याशिवाय मांडव उभा राहात नसे. पण आता डीजे लावतात, आणि तिला दमही पुरत नव्हता. "नातीच्या हळदीला मी असंन नसंन," म्हणायची, "गाणी तरी असू दे." एकेक गाणं, मध्येच खोकला, मध्येच मला शिव्या, "भांडी वाजवू नका!" सगळं त्यात होतं.

मग लॅपटॉप असा रखडायला लागला की चालू करून बाजाराला जाऊन यावं. दुकानदार म्हणाला, याच्यातली सिस्टीम जुनी झाली, नवा घ्या. शेजारी राहणाऱ्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, "काका, नवा कशाला? दुसरी सिस्टीम टाका. जगभरच्या लोकांनी मिळून केलेली आहे, कुणाच्या मालकीची नाही, फुकट आहे. पेनड्राइव्हवर घालून देते. सोप्पं आहे."

सोप्पं! हा शब्द ज्यानं काढला त्याला खवळलेल्या दर्यात सोडला पाहिजे.

कुठलं बटण दाबायचं ते बाईंनी कागदावर लिहून दिलं होतं. चार वेळा चुकलं, पाचव्यांदा पान उघडलं. भाषा मराठी निवडली. मी चौथी शिकलेला, बायको तेवढीही नाही, म्हणून मी वाचत होतो आणि ती ऐकत होती. ती मराठी कुणाच्या घरात बोलतात देव जाणे.

"आरोहण बिंदू," मी वाचलं.

"म्हंजे काय?"

"चढायची जागा असंल."

"या वयात कुठं चढताय? पुढं जा."

हसली. मीही हसलो. मग ते पान आलं. दोन गोल. वरच्या गोलासमोर लिहिलेलं, 'पूर्ण डिस्क पुसून स्थापना करा'. खालच्यासमोर, 'विद्यमान प्रणालीच्या शेजारी स्थापना करा'. वरचा गोल आधीच भरलेला. खाली हिरवं बटण, 'पुढे'.

बायकोनं माझं मनगट धरलं. "अवो, थांबा. आत हात फिरवलात काय?"

हे आमच्या होडीचं बोलणं. होडी शाकारताना जाळी, इंजिन, दोर, सगळं उतरवतात. तरी शेवटी एक माणूस अनवाणी आत उतरतो आणि तळाशी हात फिरवतो. डोळ्याला दिसत नाही ते हाताला लागतं. एकदा तिनं मला असंच परत पाठवलं होतं, तेव्हा बापाची सुरी हाताला लागली होती. तेव्हापासून दर वर्षी ती किनाऱ्यावरून ओरडायची, हात फिरवलात काय?

मी म्हणालो, "अगो, वरचा गोल त्यांनीच भरलाय. करणाऱ्याला कळत न्हाय काय?"

"गाणी हायत त्यात. उद्या बाईंना विचारू."

अंगणात बोंबील वाळत घातले होते. ते उलटायला ती उठली. मी बसून राहिलो. त्या हिरव्या बटणाकडे बघून माझं डोकं फिरलं. आयुष्यभर इंजिनं उघडली आणि हे एक पान मला अडवतं? दाबलं. पट्टी सरकत गेली. ती आत आली तेव्हा निळं स्वच्छ चित्र लागलं होतं, आणि लॅपटॉप पोरासारखा पळत होता.

"झालं?"

"झालं."

"गाणी?"

"हायत आत," मी म्हणालो. न बघता.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. चुलीशी बसल्या बसल्या. डॉक्टर यायच्या आधीच.

तेराव्याला लेक म्हणाली, "बाबा, आयची गाणी लावा, बायका जमल्यात." मी लॅपटॉप उघडला. आत काही नव्हतं. रिकामी खोली. लेकीनं लॅपटॉप मिटला. बायका उठून गेल्या.

मी लॅपटॉप काखेत मारून बाईंकडे गेलो. त्यांनी शोधलं, बराच वेळ शोधलं. मग म्हणाल्या, "काका, जुन्यावर नवीन बसलंय. आता निघणार नाही. पण त्या पानावर खाली लिहिलेलं असतं, सगळी माहिती नष्ट होईल म्हणून."

"केवढ्या अक्षरात?"

बाईंनी दोन बोटं जवळ आणून दाखवली.

"विषाच्या बाटलीवर कवटी काढतात, बाई. तुमच्या लोकांनी हिरवं बटण काढलं!"

"ते लोक फुकट काम करतात, काका."

"मग? फुकट वाढलं म्हणून भातात खडे चालतात?"

त्यांचे डोळे भरले. माझे नाही भरले. मला त्या दिवशी रडायचं नव्हतं, कुणाला तरी झोडपायचं होतं, आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा स्वतःला. बायकोनं मनगट धरलं होतं. तरी मी दाबलं. वर खोटं बोललो. पण माझ्यासारख्या गाढवाच्या हातात वस्तू देणार असाल, तर ती गाढवाचा विचार करून करा की!

बाई म्हणाल्या, "आम्हाला सवय आहे, आम्हाला ते खडे लागतच नाहीत. तुम्हाला लागले. तुम्ही लिहा, मी त्यांच्या भाषेत करून पाठवते. तिथं कुणीही सूचना पाठवू शकतं."

"मी चौथी शिकलोय."

"म्हणूनच."

रागानंच घरी आलो. लिहिणार नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा केला, एकाचा. लॅपटॉप तिच्या पाटावर ठेवला, पेनड्राइव्ह खुपसला आणि पहिल्या पानापासून पुन्हा सुरू केलं. आता त्यात घालवण्यासारखं काही नव्हतं, कितीही वेळा चुकलो तरी चाललं असतं. जिथं अडलो तिथं थांबलो आणि जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिलं. आरोहण बिंदू काढून टाका, कुणाला कळत नाही. पुसणाऱ्या पानावर हिरवं बटण नको. पुसायच्या आधी आत काय काय आहे ते दाखवा, फोटो इतके, गाणी इतकी, आणि विचारा, आत हात फिरवलात काय?

मग ते दोन गोल आले. वरचा आधीच भरलेला. पेन जोरात टेकवून लिहिलं, कागद फाटला तरी लिहिलं: दोन्ही गोल रिकामे ठेवा. माणसाला भरू द्या.