काकांची मंगलाष्टकं आणि मुंगीएवढी हिरवी पट्टी

माझ्या काकांचा आवाज खापरखेड्याच्या वीजकेंद्रात घडला. तीस वर्षं त्यांनी टर्बाइनच्या वरताण बोलून काढली आणि निवृत्तीनंतर घरात मीठही त्याच पट्टीत मागितलं. लग्नात ते मंगलाष्टकं म्हणू लागले की भोंगा बंद करावा लागे. एकदा त्यांचं 'सावधान' ऐकून पलीकडच्या गल्लीतल्या नवरदेवानं मुहूर्ताआधीच माळ घातली. मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्या सकाळी मात्र बारापर्यंत त्यांना धंतोलीच्या दवाखान्यात भरती व्हायचं होतं. घशाचं ऑपरेशन. आवाज राहील याची डॉक्टर हमी देईनात, आणि त्यांच्या मुलीचं लग्न दोन महिन्यांवर. म्हणून मंगलाष्टकं आधीच माझ्या कॉम्प्युटरवर भरून ठेवायची ठरली. ती हमी मी दिली होती. कॉम्प्युटर माझ्या पायाशी लोळण घेतो, असं मीच घरभर सांगून ठेवलं होतं ना.

कूलर बंद केला. काका गरजले. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीएवढी हलली. ऐकून पाहिलं, तर कुणी विहिरीच्या तळाशी जप करत होतं.

मी टेबलाखाली शिरलो. माइकची पिन गुलाबी भोकातच होती. काढली, फुंकली, पुन्हा खोचली. माइकचा आवाज आधीच शंभरावर होता. शेजाऱ्यांकडून दुसरा माइक आणला. पुन्हा मुंगीच. माझ्या घामानं बादली भरली. काका खोलीभर येरझारा घालत होते, दाराशी त्यांची पिशवी तयार होती.

"मशीन बिघडली, का माहा घसाच गेला गा?" त्यांनी विचारलं.

मशीनच, असं मी ठासून सांगितलं. खात्री नव्हती.

शेवटी सेटिंगच्या तळघरात सापडलं. माइक बूस्ट, म्हणजे माइकचा आवाज आणखी फुगवणारी कळ, शून्यावर. ते मीच केलं होतं, दिवाळीत व्हिडिओ कॉलवर काकांचा आवाज फाटून पलीकडचं बाळ रडलं म्हणून. आता मात्र मी ते व्हायरसवर ढकलून मोकळा झालो.

बूस्ट दहावर नेला, मधली पायरीच नव्हती. काका पुन्हा गरजले आणि पट्टी लालभडक. माइकचा आवाज खाली ओढला, तरी फाटलेलं फाटलेलंच. बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. मी म्हटलं, काका, हळू म्हणा.

"हळू म्हंजे कसं?"

काकू कणकेच्या हातानं दारात आल्या. "पोरीले झोपवत होते ना तुम्ही, तसं."

काका लाजले. कानापर्यंत. मग डोळे मिटून त्यांनी मंगलाष्टकं म्हटली, अशी की मी श्वास रोखून पट्टीकडे पाहत राहिलो. ती पहिल्यापासून हिरवी राहिली. शेवटच्या 'सावधान'ला मात्र त्यांना राहवलं नाही. पट्टी लाल झाली, खिडकीची काच थरथरली, आणि काकांनी पिशवी उचलली.