गाळलेलं वाक्य

दत्ताला मी शेवटचं भेटलो ते दवाखान्यात, एका मंगळवारी सकाळी. शैलावहिनी चहा आणायला खाली गेल्या होत्या आणि खोलीत आम्ही दोघंच होतो. मला त्याला एक गोष्ट सांगायची होती. पाच वर्षं सांगायची राहून गेलेली. रिक्षात बसल्यावर मी ती मनाशी घोकलीही होती. त्यानं डोळे उघडले, मला पाहिलं आणि विचारलं, "येत्या शनिवारचं पत्र वाचलंस का? फार लांबलं का रे?" मी म्हटलं, नाही, नेमकं झालंय. मग घोटीकडच्या भातलावणीचं बोलणं निघालं, त्याच्या मेहुण्यांच्या गुडघेदुखीचं निघालं, आणि तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. मी जरा वेळानं उठलो. शुक्रवारी दुपारी फोन आला. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. त्याच्याशी बोलायचं राहिलं, म्हणून इथे लिहितो आहे.

दत्ता आणि मी नाशिकच्या एकाच शाळेत, एकाच बाकावर वाढलो. पुढे मी महाविद्यालयात मराठी शिकवायला लागलो आणि तो अंबडच्या एका कारखान्यात माल तपासण्याच्या विभागात लागला. तयार झालेला सुटा भाग हातात घेऊन तो बरोबर आहे की नाही, हे सांगायचं, हे त्याचं आयुष्यभराचं काम. पन्नाशीत असताना कारखान्यानं तो विभागच बंद केला. त्यानंतरचे काही महिने तो घरात नुसता बसून होता. वहिनींचं माहेर घोटीजवळचं, भावांची भातशेती. एका दिवाळीत मेहुण्यांनी दिलेला तांदूळ त्यानं शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटला, त्यांनी पुन्हा मागितला, आणि धंदा सुरू झाला तो असा. नंतर पेठच्या बाजूला जाऊन तो नागली आणि वरई आणू लागला. नागली म्हणजे पुण्या-मुंबईकडे जिला नाचणी म्हणतात ती.

एका प्रदर्शनात त्यानं छोटा गाळा घेतला होता. तिथे टेबलावर एक वही ठेवलेली. ज्यांना या धान्याबद्दल वाचायचंय त्यांनी आपला ईमेलचा पत्ता लिहावा, दर शनिवारी सकाळी पत्र येईल. मी त्याला हसलो होतो. आजकाल ईमेल वाचतं कोण, व्हॉट्सअ‍ॅपवर गट काढ म्हटलं. तो म्हणाला, "व्हॉट्सअ‍ॅपवर माणूस वाचत नाही, पुढे ढकलतो. मला वाचणारा हवाय." पहिल्या शनिवारी जेमतेम चाळीसेक लोकांना पत्र गेलं असेल. त्यात विकायला काहीच नव्हतं. भात कांडून आणताना गिरणीत काय काय बघावं लागतं, एवढंच होतं.

त्याची पद्धत त्याची त्यानंच बसवली होती. तीन पत्रं गप्पांची, चौथ्यात माल. 'शेवटची संधी', 'आजच घ्या' असली भाषा नाही. पत्राच्या विषयात जे लिहिलं असेल तेच आत असायचं. आलेल्या प्रत्येक उत्तराला तो स्वतः उत्तर लिहायचा, दोन ओळींचं का होईना. बरेच दिवस कुणी पत्र उघडलंच नाही असं दिसलं, तर त्या माणसाला विचारून त्याचं नाव काढून टाकायचा. एकदा तांदळाच्या एका पोत्यात सोंडे निघाले. कुणाची तक्रार यायच्या आत यानं सगळ्यांना लिहिलं की या खेपेचा तांदूळ ज्यांच्याकडे गेलाय त्यांनी तो परत पाठवावा, चूक माझी आहे, मी पोती नीट उन्हात घातली नव्हती. मला वाटलं, आता संपलं. झालं उलटंच. पुढच्या पत्रानंतर दोन दिवसांत सगळा तांदूळ उठला. एक गृहस्थ त्याच्याकडे ती पत्त्यांची यादी विकत मागायला आले होते, कसल्याशा तेलाची जाहिरात पाठवायला. दत्तानं त्यांना चहा पाजला आणि सांगितलं की लोकांनी पत्ता मला दिलाय, तुम्हाला नाही.

या सगळ्यात माझा वाटा एवढाच की पत्राचा कच्चा मसुदा तो गुरुवारी मला पाठवायचा आणि मी त्यावरून हात फिरवायचो. शुद्धलेखन, एखादा शब्द, कुठे वाक्य तोडणं. खरं सांगायचं तर मला त्याची ऐट होती. पत्रं छान असतात असं लोक त्याला कळवायचे तेव्हा मी मनातल्या मनात त्यातला अर्धा वाटा उचलून घ्यायचो.

नागलीवरचं ते पत्र असंच आलं. आपल्या आईबद्दल त्यानं फार आतून लिहिलं होतं. म्हातारपणी तिला साखरेचा त्रास होता. ती सकाळी चुलीपुढे बसून नागलीची भाकरी कशी थापायची, त्या भाकरीनं तिची साखर कशी आटोक्यात राहिली. आणि त्याच्याखाली एक वाक्य होतं: 'अर्थात आईच्या गोळ्या चालूच होत्या, आणि तुम्हीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बदलू नका.' मी ते वाक्य काढलं. त्या ओघात ते खटकत होतं. दत्तानं फोन केला, ठेवूया का म्हणून विचारलं. मी म्हटलं, "अरे, हे पत्र आहे, औषधाच्या बाटलीवरचा कागद नाही. वाचणाऱ्याला एवढं कळतं." तो म्हणाला, "बरं. तुला त्यातलं जास्त कळतं."

ते पत्र त्याच्या सगळ्या पत्रांत गाजलं. लोकांनी ते आपल्या नातेवाइकांना पाठवलं, यादी वाढली, पेठकडची सगळी नागली त्या मोसमात संपली. लक्ष्मणदादा नावाचे तिकडचे एक शेतकरी त्याला माल द्यायचे. त्यांच्या घरातली माणसं दरवर्षी दिवाळीनंतर द्राक्षाच्या बागांवर मजुरीला निघायची. त्या वर्षी ती पहिल्यांदाच घरी राहिली.

चार-पाच महिन्यांनी एका सकाळी दत्तानं मला बोलावून घेतलं. संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. साताऱ्याच्या एका बाईंचं पत्र होतं. त्यांचे यजमान पहिल्यापासूनचे वाचक. दर शनिवारी चहाबरोबर पत्र मोठ्यानं वाचून दाखवायचे. नागलीचं पत्र वाचल्यावर त्यांनी भाकरी सुरू केली, आणि घरात न सांगता गोळ्या हळूहळू सोडल्या. साखर भयंकर वाढून ते बेशुद्ध पडले आणि दवाखान्यातून परत आले नाहीत. शेवटी बाईंनी लिहिलं होतं: 'आमचा डॉक्टरांपेक्षा तुमच्यावर विश्वास होता. तुम्ही खोटं लिहीत नाही, असं ते नेहमी म्हणायचे.'

मी ते दोनदा वाचलं. त्या क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहायची मला लाज वाटते, पण तेच लिहायला बसलोय. मनात आलं, जुना मसुदा याच्याकडे असेल का? मी दत्ताकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. ते वाक्य मी काढलं होतं याचा उल्लेख त्यानं केला नाही. मीही केला नाही. वकिलाला विचार, एवढं म्हणालो. तुझ्या पत्रात गोळ्या सोडा असं कुठेही लिहिलेलं नाही, उत्तर देऊ नकोस.

दुसऱ्या दिवशी तो साताऱ्याला गेला. एकटाच, एसटीनं. परत आल्यावर त्यानं सांगितलं ते थोडकंच. बाईंनी दार उघडलं, आत घेतलं, पाणी दिलं. त्यानं माफी मागितली. नंतर त्या आत जाऊन नागलीच्या पिठाचा उरलेला डबा घेऊन आल्या आणि त्याच्यासमोर ठेवला. हे परत न्या म्हणाल्या. तो डबा मांडीवर घेऊन हा नाशिकपर्यंत आला.

त्या शनिवारचं पत्र एवढं एकच, ज्याचा मसुदा त्यानं मला पाठवला नाही. इतरांसारखंच सकाळी मी ते उघडलं. काय घडलं ते त्यानं नाव न घेता सगळं लिहिलं होतं. पुढे होतं: 'आईच्या गोळ्या कधीच बंद नव्हत्या. हे मी त्या पत्रात सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. लिहिणारा मी, जबाबदारी माझी. नागली चांगलं धान्य आहे, औषध नाही. कुणी गोळ्या सोडल्या असतील तर हे पत्र बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा.' माझा उल्लेख कुठेही नव्हता. मी खुर्चीत सुटलो... हो, हाच शब्द बरोबर आहे. मला सुटल्यासारखं वाटलं.

नंतरचे महिने वाईट गेले. पत्रांना उत्तरं यायची त्यात शिव्या असायच्या, शापही असायचे. खुनी असंही एकानं लिहिलं होतं. त्या प्रत्येकाला दत्ता उत्तर लिहीत बसायचा. वहिनी म्हणायच्या, निदान ही तरी सोडून द्या. तो म्हणायचा, चांगलं लिहिलं तेव्हा उत्तर दिलं, आता कसं टाळू? यादी निम्म्याच्याही खाली आली. तिघांनी मात्र कळवलं होतं की आम्हीही गोळ्या सोडल्या होत्या, पुन्हा सुरू केल्या. ती तीन पत्रं त्यानं छापून ठेवली होती. नागली त्यानं विकायचीच बंद केली. नाव काढलं तरी त्याचा चेहरा उतरायचा.

मग एक दिवस लक्ष्मणदादा आले. मी तिथेच होतो. पायातल्या चपला दाराबाहेर काढून ते जमिनीवरच बसले, खुर्ची घेईनात. त्यांच्या घरात नागली तशीच पडून होती आणि दोन्ही मुलगे-सुना बागांवर निघून गेल्या होत्या. त्यांनी विचारलं, "साहेब, आमची नागली वाईट हाय का?" दत्ता नाही म्हणाला. "मंग पत्रातून तिचं नाव का काढलं? लोकांना वाटंल दाण्यातच दोष हाय." दोष दाण्यात नव्हता, दत्तातही नव्हता, आणि ज्याच्यात होता तो शेजारच्या खुर्चीवर बसून चहा पीत होता.

त्या महिन्यात नागली पुन्हा पत्रात आली, नुसतं धान्य म्हणून. विक्री पहिल्यासारखी कधीच झाली नाही. लक्ष्मणदादांची मुलं अजून बागांवर जातात. पण जे लोक यादीत उरले ते टिकून राहिले, आणि दत्ता म्हणायचा की आता जे आहेत ते खरंच वाचतात. त्याची तब्येत मात्र तेव्हापासून ढासळत गेली. पोटात दुखतंय हे त्यानं फार उशिरा सांगितलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव घेतलं तेव्हा पुढे करण्यासारखं थोडंच उरलं होतं. आपल्याला झालेला आजारही त्यानं वाचकांना सरळ कळवला आणि सांगितलं की यावर मला कुणी घरगुती उपाय सुचवू नये.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी वहिनींसमोर बसलो आणि सगळं सांगितलं. वाक्य काय होतं, मी ते का काढलं, तो काय म्हणाला होता. मी थांबल्यावर त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे. साताऱ्याचं पत्र आलं त्या सकाळीच ह्यांनी मला मसुदा दाखवला होता, तुम्हाला बोलवायच्या आधी." मी विचारलं, मग तो मला काहीच कसं बोलला नाही? त्या म्हणाल्या, "मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, भाऊजींचं नाव का नाही घेत? तर म्हणाले, काढायला त्यानं सांगितलं, पण पाठवलं मी. आयुष्यभर माल तपासला, हे तपासायचं काम माझं होतं." मग त्या म्हणाल्या, "तुम्ही स्वतःहून बोलाल असं त्यांना वाटायचं. पहिलं वर्षभर तरी वाटायचं."

मी साताऱ्याच्या बाईंना माझ्या नावानं पत्र लिहिलं. आठ दिवसांनी उत्तर आलं. त्यांनी लिहिलं होतं की तुमचे मित्र आमच्याकडे आले तेव्हा मी त्यांना एकच विचारलं होतं, गोळ्यांचं लिहायला तुम्ही विसरलात का? ते म्हणाले, विसरलो नव्हतो. त्यापुढे एक अक्षर बोलले नाहीत, म्हणून माझा राग जास्त वाढला. आता कळतंय ते का गप्प बसले. 'तुमच्यावर रागवायला मात्र माझ्यात आता बळ उरलेलं नाही,' असं लिहून त्यांनी पत्र संपवलं होतं. क्षमा केल्याचं त्यात कुठेही नाही, आणि ते असायला हवं असं मला वाटत नाही.

दत्ताची मागची खोली वहिनींनी अजून आवरलेली नाही. पोती संपली, पण कोपऱ्यात धान्यात घालायचा कडुलिंबाचा वाळका पाला पडलेला आहे आणि पिठाचा वास भिंतींना धरून आहे. मी दिवसाआड तिथे जातो. तो गेल्याचं वाचकांना कळवल्यापासून पत्रं येताहेत, त्यांना उत्तरं लिहायची असतात. सुरुवातीला मी त्याच्या पद्धतीनं दोन ओळी लिहायचो. आता प्रत्येकाला ते वाक्य कुणी काढलं होतं तेही लिहितो. काहीजणांनी त्यानंतर यादीतून नाव काढून घेतलंय. परवा वहिनी दारात उभ्या राहून विचारत होत्या, किती राहिलीत? मी म्हटलं, बरीच आहेत. त्या म्हणाल्या, लिहा सावकाश, आणि खोलीतला पंखा लावून गेल्या.