यंदा मसाल्याची पिशवी एकच

अमेरिकेचे दोन तुकडे होणार, असं माझा मुलगाही म्हणतो आणि मुलगीही म्हणते. तेवढ्या एकाच गोष्टीवर दोघांचं एकमत. मुलगा म्हणतो, हिच्या पक्षामुळे होणार. मुलगी म्हणते, ह्याच्या. मी इंदिरानगरच्या माझ्या स्वयंपाकघरात फोन कानाला लावून दोघांचंही ऐकते. देशाचं काय ते तिथली माणसं बघतील. माझ्या घराचे दोन तुकडे मी होऊ देणार नाही, मग कुणी काहीही म्हणो.

दोघं एकाच राज्यात राहतात, गाडीनं तीन तासांच्या अंतरावर. दोघांनी तिथलं नागरिकत्व घेतलं, तेव्हा दोन्ही वेळा मी सोसायटीत पेढे वाटले होते. मग निवडणुकीच्या आधी मुलीच्या घरी जेवताना विषय निघाला. चोरवाटेनं आलेल्यांना हाकलूनच द्यायला हवं, असं मुलगा बोलून गेला. मुलगी सुट्टीच्या दिवशी त्याच लोकांच्या मुलांना शिकवायला जाते. ती म्हणाली, "तुझ्यासारख्यांनीच हा देश नासवलाय." तो भरल्या ताटावरून उठला. भरल्या ताटावरून! हे मी शिकवलं होतं का त्याला? त्या दिवसापासून दीड वर्ष बोलणं बंद.

मग मी मध्ये पडले. "दादा तुझी चौकशी करत होता गं," असं मुलीला सांगायचं. "ती विचारत होती रे, तुझी पाठ कशी आहे," असं मुलाला. दोन्ही थापा. वर्षभर मी अशा थापा मारल्या आणि मला वाटायचं, काय हुशार बाई आहे मी!

एके दिवशी मुलगी शांतपणे म्हणाली, "आई, दादा माझी चौकशी करत नाही. आम्हा दोघांच्या वतीनं तूच बोलतेस. तू नसशील तेव्हा कोण बोलणार?"

फोन ठेवला आणि ओट्याशी उभी राहून रडले. मी बहात्तर वर्षांची आहे. पोरीचं काही चुकलं नव्हतं, म्हणून तर जास्त लागलं.

आमचे हे म्हणाले, "अगं, काठी मारल्यानं पाणी तुटत नाही."

"पण काठी मारणारे दमत नाहीयेत, त्याचं काय?" मी म्हटलं. ह्यांनी पेपर वर धरला.

दर उन्हाळ्यात मी वर्षाचा काळा मसाला करते. माझं माहेर चांदवडचं, कांद्याच्या शेतातलं, त्यामुळे कांदा मी गच्चीवर स्वतः वाळवते. त्यात हयगय नाही. खोबरं, धने, तीळ, मिरच्या सगळं भाजून डंकावर कुटायला नेते. डंकवाले चाचा गेली तीस वर्षं माझा मसाला कुटतात. कुटून झालं की ते दोन सारख्या पिशव्या बांधतात, एक मुलाची, एक मुलीची, आणि दोन पार्सलं दोन पत्त्यांवर जातात.

यंदा म्हटलं, "चाचा, एकच पिशवी बांधा."

त्यांच्या हातातली दोरी थांबली. "क्यों बाई? दुसऱ्याला नाय पाठवायचा?"

"दोघांचा एकातच."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दोन गाठी जास्त मारल्या.

पार्सल मुलाच्या पत्त्यावर गेलं. मुलगी जास्त हट्टी, अगदी माझ्यावर गेलेली. जी जास्त हट्टी, तिलाच उठून जायला लावायचं! तिला फोन केला, "तुझा मसाला दादाकडे आहे. जाऊन घेऊन ये."

"मग मी बिनमसाल्याचं खाईन."

"खा."

मुलाचा फोन आला. "आई, मी तिचा अर्धा पोस्टानं पाठवून देतो."

"पाठवून तर बघ! पुढच्या वर्षीपासून दोघंही बाजारची पाकिटं आणून खा. आणि मी हयात असेपर्यंत दोघांत पिशवी एकच."

बोलायला बोलले. नंतर एक महिना गेला, दोन गेले. मुलगी फोनवर हवापाण्याचं बोलायची आणि ठेवून द्यायची. खरं सांगते, माझी पाचावर धारण बसली होती. होतं ते तोंडदेखलं नातंही मी मोडून बसले की काय? हे म्हणाले, "जरा जास्तच ताणलंस." त्या दिवशी मी ह्यांच्याशी उलट बोलले नाही. पण थापाही पुन्हा मारल्या नाहीत. मुलानं एकदा चाचपडत विचारलं, "ती काय म्हणते?" जीभ वळवळत होती, पण म्हटलं, "मला नाही माहीत. तिलाच विचार."

परवा रविवारी सकाळी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे शनिवारची संध्याकाळ. ती शेगडीपाशी उभी होती आणि तिच्या मागच्या फरशा पिवळ्या होत्या. तिच्या घरच्या फरशा पांढऱ्या आहेत. पिवळ्या मुलाकडच्या.

मी फोन डोळ्यांजवळ नेला.

"मसाला संपला म्हणून आलेय," ती फणकाऱ्यानं म्हणाली. "दुसरं काही नाही. लगेच निघणार होते, पण दादाला शेवभाजी हवी होती."

मागून मुलाचा आवाज आला, "तू ज्या बातम्या बघतेस ना, त्या बघणं आधी बंद कर!"

"आणि तू वाचायला लाग!" ती मागे न बघताच ओरडली. कढईत तडका चुरचुरला. दोघंही तावातावानं बोलत होते, निम्मं मराठीत, निम्मं इंग्रजीत, एकाचं एक अक्षर दुसऱ्याला पटत नव्हतं. लहानपणी पतंगाच्या मांज्यावरून भांडायचे, अगदी तसेच. मला इतका आनंद झाला की मी डोळे पदरानं पुसले आणि ह्यांना खूण करून बोलावलं. भांडा, म्हटलं मनात. खुशाल भांडा. पण शेजारी उभे राहून भांडा.

तेवढ्यात मुलगी रागानं लाल होऊन फोनकडे वळली. "आई, ह्याला सांग ना काहीतरी!"

"मी का सांगू?" मी म्हटलं. "तो तुझ्या मागेच उभा आहे. तूच सांग."

आणि मी फोन बंद केला.