मापात येईपर्यंत

"होते ना बाप्पा, कायले घाबरता!" असं म्हणून ते समोरच्याच्या पाठीवर थाप मारायचे. थाप अशी की हातातला चहा निम्मा बशीत यायचा. मग स्वतःच मोठ्यानं हसायचे, आणि ते हसले की टेबलही थोडं हलायचं. असा माणूस तुमच्या ऑफिसात नाहीतर गल्लीत एखादा असेलच. अडचण कोणाचीही असो, पहिला धीर त्याचाच.

फुलसावंगीच्या आमच्या शाळेत ते इतिहास शिकवायचे. सगळं गाव त्यांना 'मोठे सर' म्हणायचं. शाळेत हेडसर वेगळे आणि मोठे सर वेगळे. नवीन पालक दाखला मागायला आले की सरळ यांच्यासमोर येऊन उभे राहायचे.

"तिकडच्या खोलीत जा भाऊ," ते सांगायचे, "मी निस्ता दिसाले मोठा आहो."

त्यांची धाकटी बहीण ढाणकीला दिलेली. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हापासून तिला डायलिसिससाठी नांदेडला न्यावं लागायचं. तिचा नवरा दमला की मोठे सर रजा टाकून जायचे. पुढे किडनी बदलायची असं ठरलं आणि यांनी आपली देऊ केली. तपासण्या झाल्या, जुळलंही. पण नागपूरच्या डॉक्टरांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सांगितलं, एवढ्या वजनावर ऑपरेशन केलं तर तुमच्याच जिवाला धोका आहे. आधी वजन उतरवा, मग बोलू.

स्टाफरूममध्ये येऊन त्यांनी आम्हाला हे असं सांगितलं, "डॉक्टर म्हणते, सामान चांगलं आहे, पण पॅकिंग लय मोठं आहे."

आम्ही पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या घरासमोरून कोणीतरी धापा टाकत गेल्याचा आवाज आला. खिडकीतून पाहिलं तर मोठे सर. त्यांच्या बायकोला हे पसंत नव्हतं. घरात दोन शिकणारी मुलं, आणि नवरा पोट फाडून घ्यायला निघालेला. तिनं काही दिवस अबोला धरला. नंतर एका सकाळी पाहिलं, तर तीही पदर खोचून त्यांच्या मागे चालत होती. जेवणातलं तेल तर तिनं असं कमी केलं, की दुपारी डबा उघडल्यावर सर आमच्या डब्यांकडे पाहून नुसता वास घ्यायचे.

वजन करायला ते गावातल्या अडत्याकडे जायचे, जिथं सोयाबीनची पोती मोजतात त्या काट्यावर. ते क्विंटलच्या आत आले त्या दिवशी सगळ्या स्टाफला त्यांनी चहा पाजला. स्वतः मात्र बिनसाखरेचा घेतला आणि औषध प्यावं तसं तोंड केलं.

वजन उतरायला लागलं आणि कपड्यांची पंचाईत सुरू झाली. टेलरनं पँट एकदा आत घेतली, दुसऱ्यांदा घेतली. तिसऱ्यांदा त्यानं हात जोडले. मागून आत घेत घेत पँटचे दोन्ही खिसे एकमेकांना येऊन चिकटले होते.

"नवीन घ्या ना आता," मी म्हणालो.

"घेऊन करू काय? पुढच्या महिन्यात तेही ढिले होतीन. आपला स्टॉप यायचा आहे अजून."

मग ते पट्ट्याला खिळ्यानं नवी भोकं पाडून वेळ भागवायला लागले. एका सकाळी परिपाठाला पट्ट्यानंही दगा दिला. राष्ट्रगीत सुरू झालं होतं. हात सरळ खाली, नजर समोर, हलायची सोय नाही. मी शेजारीच उभा होतो. पँट हळूहळू खाली सरकत होती आणि मोठ्या सरांनी ती अडवायला, आयुष्यात पहिल्यांदाच, पोट जमेल तेवढं पुढे काढलं होतं. कपाळावर घाम. पण हात जागचे हलले नाहीत. शेवटचा जयजयकार संपला आणि त्यांनी दोन्ही हातांनी पँट अशी पकडली, की पहिल्या रांगेतल्या मुलींनी तोंडावर रुमाल धरले.

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी एक पिशवी मोठ्या सरांच्या खुर्चीवर ठेवली. आत हेडसरांच्या स्वतःच्या दोन पँटी आणि दोन शर्ट. शाळेत मोठ्या सरांनंतर अंगानं भरलेले तेच. कपडे बरोबर बसले. पावसाळा त्यांनी हेडसरांच्या कपड्यांत काढला. पाठमोरे पाहून पोरं गडबडायची आणि व्हरांड्यात एकदम शांत व्हायची.

हेडसरांचे कपडे ढिले झाले तशी माझी पाळी आली. माझा निळा चौकड्यांचा शर्ट मी आठवड्यातून एकदा त्यांच्या अंगावर पाहायचो आणि मनात म्हणायचो, हा माझ्यावर एवढा चांगला कधी दिसला नाही.

पण माझ्या मापात येऊन गाडी थांबली. दिवाळी गेली, लग्नसराई सुरू झाली, काटा हलेना. लग्नात जेवायला बसवायचे तर हे पाणी पिऊन उठायचे. यजमान रागावायचे, "सर, आमच्या घरचं काहून चालत नाही तुमाले?" पाठीवर थाप मारणं कमी झालं. एक दिवस शाळा सुटल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले आणि शर्टची कॉलर चिमटीत धरून म्हणाले, "तुमच्या शर्टात अटकलो ना मी, सर."



त्याच रविवारी ते मला घेऊन ढाणकीला बहिणीकडे गेले. बहीण बाजेवर बसली होती. चेहरा सुजलेला, हाताच्या शिरा सुयांनी काळ्यानिळ्या झालेल्या. तिनं भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. उसन्या कपड्यांचं तिच्या नवऱ्यानं तिला सांगितलं असावं.

"भाऊ, हा शर्ट या सरायचा आहे न?"

"हो. चांगला आहे ना?"

"माह्यापायी तू लोकायचे कपडे घालून राह्यला?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "उपाशी राह्यतं, लोकायचं घालतं. मले नको तुही किडनी. सांगून दे डॉक्टरले."

मी उठून बाहेर जायला निघालो तर मोठ्या सरांनी माझा हात धरून खाली बसवलं. मला वाटलं, आता ते नेहमीसारखं काहीतरी हसण्यावारी नेतील. पण ते तिच्या बाजेवर जाऊन बसले.

"तू पाचवीपर्यंत शाळेत काय घालून गेली?" त्यांनी विचारलं.

उत्तरही त्यांनीच दिलं.

"माह्ये शर्ट. बाह्या दुमडून दुमडून. एक तर तुह्या गुडघ्यापर्यंत येत होता. पोट्ट्या चिडवत, तरी तू गेलीच ना शाळेत? तेव्हा तुले लाज वाटली नाही, अन् आता मले काहून वाटन?"

"बटनं बी नव्हते त्याले," ती डोळे पुसत म्हणाली. "मायनं सेफ्टीपिना लावल्या होत्या."

"मंग! या शर्टाले तर बटनं आहेत."

ती हसली. आजारी माणसाचं हसू ते, फार टिकलं नाही, पण मोठे सर तेवढ्यावर ताजे झाले. परत येताना मोटरसायकलवर मागून मला एक सणसणीत थाप बसली. संध्याकाळी ते पुन्हा चालायला निघाले. आता मीही सोबत जायला लागलो. माझा शर्ट त्यांना ढिला व्हायला हवा असेल तर निदान एवढं तरी करावं, असं वाटलं. गंमत अशी की तो त्यांच्याबरोबर मलाही ढिला झाला.

शेवटचं माप पीटीच्या सरांचं. पण त्या काटक माणसाकडे ट्रॅकसूटशिवाय दुसरं काही नव्हतं. मोठे सर पहिल्यांदा लाल पट्ट्याचा ट्रॅकसूट घालून आठवीच्या वर्गात इतिहास शिकवायला गेले, तर सगळा वर्ग आनंदानं ओरडत मैदानावर पळाला. त्यांना परत वर्गात आणून बसवता बसवता तास संपला. डॉक्टरांनी होकार दिला, तेव्हाही सरांच्या अंगात हाच ट्रॅकसूट होता.

ऑपरेशन नागपूरला झालं आणि चांगलं झालं. बहीण आता ढाणकीच्या बाजारात स्वतः भाजी निवडते आणि भाऊ यायचा असला की त्याच्यासाठी घासाघीस करून पालक आणते. मोठ्या सरांनी सुट्टी संपल्यावर पहिल्यांदा कापड घेऊन आपल्या मापाचे दोन जोड शिवले. ते घालून आले तेव्हा आम्ही सगळे त्यांच्याभोवती फिरून फिरून पाहत होतो, नवरदेवाला पाहावं तसं. पुढच्या बदल्यांत ते मुकुटबनकडे गेले. जिल्ह्याचं एक टोक आमचं, दुसरं त्यांचं. स्टाफरूममध्ये चहा आता सांडत नाही.

मला ते आठवतात ते मात्र नागपूरच्या दवाखान्यातले. ऑपरेशनच्या चौथ्या-पाचव्या दिवशी मी भेटायला गेलो होतो. बहिणीच्या खोलीत कोणाला सोडत नव्हते, दाराला खालपर्यंत काच होती. ते भिंतीला धरून, एकेक पाऊल टाकत त्या काचेपर्यंत गेले. अंगात दवाखान्याचा हिरवा झगा, मागून नाड्या बांधलेला, पिंढऱ्या उघड्या. आत पलंगावर तीही तसल्याच झग्यात बसली होती, तोंडाला मास्क. तिनं यांच्या पायांकडे बोट दाखवलं आणि तिचे खांदे हलायला लागले. इकडे यांनाही हसू आवरेना. टाके ओले होते दोघांचेही. दोघांनी एकदमच कुशीवर हात दाबले आणि काचेच्या दोन बाजूंना, दुखू नये म्हणून आवाज न करता, दोघं बहीणभाऊ हसत राहिले.