खंदारे मिस्त्री आणि ‘आपोआप’

तक्रारवहीत कुणी ‘आपोआप’ हा शब्द लिहिला, की खंदारे मिस्त्री खिशातली निळी पेन्सिल काढून तो खोडायचे. मशीनला हात नंतर. ‘आपोआप बंद पडली’, ‘कागद आपोआप फाटला’ असं लिहून मोकळं व्हायची आमच्या तारघराला सवयच होती. मिस्त्रींचं म्हणणं ठरलेलं असे, “आपोआप काय नसतंय बाई. कोन तरी करतंय, आपल्याला दिसंना एवढंच.” एकदा एका कारकुनाने पेपर वाचताना सांगितलं, की अमक्या गावात घरं पेटली, दंगल आपोआप भडकली म्हणे. मिस्त्रींनी पेपर मागून घेतला, त्यातलाही तो शब्द खोडला आणि घडी घालून परत दिला. विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाची वर्षं होती ती. कारकून पुढचं पान वाचायला लागला.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं हे तारघर. मी तिथे तारा घ्यायला नवीनच लागले होते आणि देवगाव फाट्याहून रोज एसटीने यायचे. नोकरी कायम झाली तर करू देऊ, नाहीतर उन्हाळ्यात लग्न, असं वडिलांनी बजावून ठेवलं होतं. कायम व्हायला चार महिने उरले होते, आणि मला लग्नाची अजिबात घाई नव्हती. मिस्त्री माझ्या आधी वर्षभर बदली होऊन आले होते. बुटकी मूर्ती, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. मशीनखाली आडवं होऊन काम केलं तरी त्या शर्टाला डाग कसा लागत नसे, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आमच्याकडे एक टेलिप्रिंटर होता. लांबच्या गावाहून कुणी तार पाठवली, की तिच्या धक्क्याने याची मोटार सुरू व्हायची आणि अक्षरं कागदावर उमटायची. पण त्या हिवाळ्यात ही मशीन रोज दुपारी एकच्या सुमारास सुरू व्हायला लागली. ना तार, ना अक्षर. नुसतीच घुमायची आणि मिनिटा-दोन मिनिटांत थांबायची. त्या वेळी तिच्यापाशी मी एकटी असे. आणि नेमके तेव्हाच तारमास्तर, म्हणजे आमचे साहेब, हात धुवायला खोलीबाहेर येत. रिकामी मशीन चालवून मी खेळते, असा त्यांचा समज झाला आणि त्यांनी मला मेमो दिला. दुसरा मिळाला असता तर माझी नोकरी गेलीच म्हणायची.

मी रडकुंडीला येऊन वहीत लिहिलं, ‘मशीन आपोआप सुरू होते.’ मिस्त्रींनी पेन्सिल काढली. मी चिडले, “मग काय मी सुरू करते?”

“तुमी न्हाई. म्हंजे दुसरं कोन तरी हाय. खामखा मशीनला बदनाम कशाला करायचं?” मग वैद्याने रोग्याला विचारावं तशी त्यांची चौकशी सुरू झाली. कवापासून? रोज का? मागच्या गुरुवारी झालं का? गुरुवारी झालं नव्हतं, हे मला त्यांनी विचारल्यावरच आठवलं.

“मंग ही सुट्टी पाळायलीय,” ते म्हणाले. “मशीन सुट्टी पाळत न्हाई. मानूस पाळतंय.”

दोन दिवस ते दुपारी स्टूल घेऊन नुसते बसून राहिले. मशीन खोललीही नाही. “पगार काम करायचा मिळतो, बघायचा नाही,” असं साहेब ऐकवून गेले. तिसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून धातूचा बारीक आवाज आला आणि लगोलग मशीन घुमायला लागली. मिस्त्री उठून सरळ साहेबांच्या खोलीत शिरले. मी दारापर्यंत गेले.

साहेबांचा डबा उघडा होता. हातात फिरकीचा तांब्या होता, नुकताच भिंतीवरच्या खिळ्यावरून काढलेला. त्या खिळ्याची गोष्ट सगळ्या ऑफिसला ठाऊक होती. व्हरांड्यातल्या माठाचं पाणी साहेब आधी पीत असत. खंदारे मिस्त्री आले, त्या माठातून प्यायले, आणि त्याच आठवड्यात साहेबांना पित्त झालं. घरचं पाणी आलं, तांब्या आला, आणि या हिवाळ्यात तो अडकवायला खिळाही आला. साहेब गुरुवारी परभणीला बैठकीला गेले होते, तेव्हा तांब्याही नव्हता.

“साहेब, तांब्या परत अडकवा,” मिस्त्री म्हणाले. साहेबांनी अडकवला. “आता काढा.” बाहेर मशीन सुरू झाली. थांबल्यावर मिस्त्री म्हणाले, “परत एकडाव.” असं तीनदा झालं. साहेबांची भाजी निवून गेली. मला हसू आवरेना, म्हणून मी पदर तोंडाशी धरला.

“वायर ह्या भितीतून जाती. खिळा तिच्यात घुसलाय. तांब्या काढला की तिला हिसका बसतोय, अन् मशीनला वाटतंय तार आली.” मिस्त्रींनी पकडीने खिळा उपटला आणि डब्याशेजारी ठेवला. वहीत लिहिलं, ‘भिंतीतील खिळा काढला. मशीन ठीक.’

खिळा कुणाचा, कशासाठी, ते का लिहिलं नाही म्हणून मी बाहेर आल्यावर त्यांच्यावरच उखडले. ते शांतपणे पेन्सिलीला टोक करत होते. “मला तुमचा मेमो फाडून घ्यायचा हाय. त्याचं नाव लिहिलं तर त्यो फाडंल का?”

मेमो त्याच संध्याकाळी फाडला गेला. चार महिन्यांनी मी कायम झाले, आणि वडिलांना पेढे मीच नेले. साहेबांचं पित्त तेवढं राहिलं. तांब्या टेबलावर आला.

पुढे विद्यापीठाचं नामांतर झालं, त्याच वर्षी मिस्त्री निवृत्त झाले. निरोपाच्या चहानंतर मी त्यांना बाजूला गाठलं आणि इतकी वर्षं मनात ठेवलेलं सांगून टाकलं, की त्या हिवाळ्यात माझ्याही पिशवीत घरच्या पाण्याची बाटली असायची. आईने दिली आणि मी आणली, कधी विचारच केला नाही. खिळा निघाल्यावर ती घरी ठेवली आणि माठाचं प्यायला लागले. हे बोलताना मला फार लाज वाटत होती.

“ठावं हाय मला,” मिस्त्री म्हणाले. “पन तिचा हिसका मशीनला बसत नव्हता.”

मशीनला, असं ते म्हणाले. कुणाला बसत होता, ते विचारायची माझी छाती झाली नाही.