मागण्याआधीची स्तुती

आधी मावशींचं सांगतो. मिशनच्या दवाखान्यात, धुलाईखात्यात त्या चादरींच्या घड्या घालायच्या. नात्यानं माझ्या कुणी नव्हत्या. पण मेढ्याकडचा डोंगर सोडून मी सांगलीकडं त्याच खात्यात कामाला आलो, तेव्हा त्यांनी मला आपल्या खोलीत ठेवून घेतलं. प्रार्थना करायलाही त्यांनीच शिकवलं.

म्हणजे प्रार्थना मला येत नव्हती असं नाही. आमचं घर ख्रिस्तीच. पण सातवीतून शाळा सुटली, मग घर सुटलं, आणि माझी प्रार्थना म्हणजे नुसती धास्ती झाली. काम टिकू दे, ताप येऊ देऊ नको, आणि सगळ्यात आधी, आईला वाचव. आईच्या पोटात गाठ होती. साताऱ्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं.

मावशींच्या घरी जेवणाआधी तिघं चटईवर बसायचो: मावशी, त्यांचे मालक म्हणजे काका, आणि मी. काका दवाखान्याच्या फाटकावर वॉचमन होते. त्या घरात एक रीत होती. काही मागायच्या आधी देवाची एक स्तुती करायची. आभार नव्हेत, ते नंतर. आधी देव कसा आहे ते सांगायचं, तेही आज जे डोळ्यांनी बघितलं त्यावरून. कालचं परत चालायचं नाही.

काकांना भूक फार. "देवा, वांग्याला काय चमक दिलीस! आमेन. वाढ गं."

"आवं, दम धरा. पोराचं व्हायचंय अजून."

पहिल्या दिवशी मी सुरू केलं, "हे सर्वसमर्था, सनातन पित्या..." मावशींनी डोळे उघडले.

"हे पाळकसाहेबांचं झालं. तू काय बघितलंस आज?"

मी काहीच बघितलं नव्हतं. दिवसभर डोक्यात आई होती.

हळूहळू जमायला लागलं. रोज एखादं वाक्य हाती लागायचं. मग एके दिवशी एसटीच्या कंडक्टरनं गावचा निरोप आणला: आईला साताऱ्याला दाखल केलंय, दोन दिवसांत ऑपरेशन.

त्या संध्याकाळी मी स्तुती करतच सुटलो. नदीचं पाणी, उसाचे तुरे, ओल्या हळदीचा वास, बैलांची शिंगं, काही सोडलं नाही. आमच्या खात्यात रजा हवी असली की माणसं आधी मुकादमाच्या पटक्याचं कौतुक करायची. जेवढं कौतुक तेवढी रजा. माझंही तेच चाललं होतं. आमटी निवून गेली.

"देवाला मुकादम समजलास व्हय रं?" मावशी म्हणाल्या.

"मुकादमानं एवढ्यात म्हयन्याची रजा दिली असती," काका म्हणाले.

मला रडू फुटलं. "मावशी, आई गेली तर?"

त्या माझ्याजवळ सरकल्या. "त्ये मला ठावं न्हाई, लेकरा. पर तुझी आई वाचली तरच देव चांगला, असं मी म्हणणार न्हाई. त्यो आज हाय तसाच उद्याबी असंल. तेवढं म्हण. मग काय मागायचं त्ये रडून माग."

मी म्हणालो, "देवा, सकाळी चादरी वाळत घालताना पाठीवर ऊन आलं. तू असाच ऊबदार आहेस. माझ्या आईला वाचव." काकांनी मुकाट्यानं आमटी परत चुलीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी मावशींनी माझं काम अंगावर घेतलं आणि मला साताऱ्याच्या गाडीत बसवलं. आई खाटेवर एवढीशी दिसत होती. म्हणाली, "प्रार्थना कर रं." मला वाटलं, तोंडातून आधी मागणंच निघेल. पण निघालं ते असं: "देवा, वाटेत डोंगर दिसले. तू त्यांच्यासारखा जागचा हलत नाहीस." आईनं डोळे मिटले. मग मी मागितलं.

आई वाचली. आता तिला जड काम होत नाही, पण आहे. ती गेली असती तर माझ्या तोंडून स्तुती निघाली असती का, ते मला सांगता येत नाही. धास्तीही पुरती गेलेली नाही. पण सकाळी उठल्यावर पहिलं वाक्य मागण्याचं नसतं, आणि मग पुढचा दिवस जरा पेलतो.

मावशींना मूलबाळ नाही. त्यांना अजून बोललो नाही, बोललो तर "गप रं" म्हणतील. पण दोघांचे हातपाय थकतील तेव्हा मी त्यांना माझ्याकडं आणणार आहे. पोटचा मुलगा करील ते सगळं करीन.