विद्यार्थी काका, पालक जुई

रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत जुईला शाळेच्या पोर्टलवर विषय भरायचा होता. जुई माझी चुलतबहीण. वय सतरा, जन्म शारजाचा, शाळा ब्रिटिश पद्धतीची. त्या शाळांत शेवटच्या दोन वर्षांना सिक्स्थ फॉर्म म्हणतात. विद्यापीठांचे अर्ज सुरू होण्याआधी मुलांनी शाळेला विषय कळवायचा, आणि त्यावरून शिक्षक शिफारसपत्र लिहितात. एकदा लिहिलं की बदलणं कठीण. काकांच्या मते विषय सिव्हिल इंजिनिअरिंग होता. जुईच्या मते काय होता, ते तिनं कोणाला सांगितलेलं नव्हतं.

"तू ये," काकांनी फोनवर सांगितलं. "तीन युनिव्हर्सिट्यांचे टेस्टर डे बुक केलेत मी. तू इंजिनिअर आहेस. तू सांगितलंस तर ऐकेल ती."

"मी इन्स्ट्रुमेंटेशनची. सिव्हिलमधलं मला काही कळत नाही."

"अगो, ते तिला कुठे माहितीय?"

मी दुबईतल्या देरात राहते आणि प्रेशर गेज बरोबर दाब दाखवतात की नाही, ते तपासते. वर्षअखेरीस दोन रजा वाया जाणार होत्या. म्हणून गेले. यापेक्षा उदात्त कारण नाही.

टेस्टर डे म्हणजे काय, हे ज्यांची मुलं अजून लहान आहेत त्यांच्यासाठी: अर्ज करण्याआधी मुलानं एक दिवस त्या विषयाचा विद्यार्थी होऊन बघायचं. खरं लेक्चर, खरी लॅब, शेवटी सल्लागाराशी बोलणं. बऱ्याच ठिकाणी फुकट असतं, पण आधी नाव नोंदवावं लागतं. नाव कोणाचं नोंदवायचं, यावर पुढे येते.

बुधवार, दुबई

सकाळी युनियन बसस्थानकावरून शारजाची बस पकडली, तिथून टॅक्सीनं अल मजाजला, काकांच्या घरी. काका खाली गाडी चालू ठेवूनच उभे होते. सुधाकरकाका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. तीस वर्षांपूर्वी साइटवर सळया बांधायला आले, आता स्वतःची लहानशी कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी आहे. काकूंनी तिघांचा डबा दिला. "तिथे काही मिळतंय की नाही कुणास ठाऊक." तिथे सहा देशांचं जेवण मिळत होतं.

विद्यापीठ शहराच्या वाळवंटाकडच्या टोकाला, जिथे निरनिराळ्या देशांच्या विद्यापीठांच्या शाखा एकमेकींना खेटून उभ्या आहेत. एमिरेट्स रोडनं गेलात तर टोल लागत नाही. पार्किंग भरपूर आहे, सावली नाही.

नोंदणीच्या टेबलावरच्या मुलीनं दोन ओळखपत्रं काढली. हिरव्या फितीचं, 'स्टुडंट', त्यावर काकांचं नाव. निळ्या फितीचं, 'गार्डियन', त्यावर जुईचं.

"उलटं झालंय," काका म्हणाले.

"सर, सिस्टीममध्ये असंच भरलंय."

भरलं होतं काकांनीच. या घरात व्हिसा, एमिरेट्स आयडी, शाळेची बस, सगळ्याचे फॉर्म काकाच भरतात, आणि पहिल्या रकान्यात त्यांचा हात आपोआप स्वतःचं नाव लिहितो. तिन्ही फॉर्म त्यांनी एकाच बैठकीत भरले होते. लॅबच्या सुरक्षा यादीत नाव असेल त्यालाच आत प्रवेश होता. वाद घालण्यात अकरा मिनिटं गेली. शेवटी मागची रांग वाढली, कोणीतरी "यल्ला, यल्ला" म्हणालं, आणि काका हिरवी फीत घालून सतरा वर्षांच्या पंधरा मुलांबरोबर लॅबमध्ये गेले.

जुईला आणि मला पालकांच्या हॉलमध्ये पाठवलं. मी तिथे पाहुणी म्हणून बसले. शेजारच्या लखनौच्या गृहस्थांनी जुईकडे नीट न बघता, नुसत्या फितीकडे बघून विचारलं, "आपका बच्चा कौन सी ब्रांच देख रहा है?"

"सिव्हिल," जुई म्हणाली. "ही इज इन द लॅब."

"मन लगाकर पढ़ता है?"

"व्हेरी कीन," जुई म्हणाली.

दीड तास आम्ही फी, वसतिगृह आणि नोकऱ्यांबद्दलच्या स्लाइड बघितल्या. काका बाहेर आले तेव्हा त्यांच्या बुटांवर सिमेंट होतं.

त्यांनी स्लंप टेस्ट केली होती. ओलं काँक्रीट शंकूच्या साच्यात भरायचं, साचा उचलायचा, आणि ढीग किती खाली बसतो ते मोजायचं. साचा उचलण्याआधीच काकांनी सांगितलं होतं की पाणी जास्त झालंय. उचलला, ढीग कोसळला. मग प्राध्यापकांनी पुढची चाचणी काकांना करायला सांगितली, आणि मुलांना बघायला.

"तीस वर्षं मी डोळ्यांनी सांगतोय, पाणी जास्त की कमी," काका गाडीत म्हणाले. "पाणी जास्त झालं की ताकद का जाते, ते आज कळलं. पाणी उडून जातं आणि मागे बारीक बारीक पोकळ्या राहतात गो. पोकळ्या!"

शारजाच्या सीमेपर्यंत ते पोकळ्यांविषयी बोलले. संध्याकाळची गर्दीची वेळ होती, त्यामुळे शारजाची सीमा यायला एक तास दहा मिनिटं लागली. डबा उघडलाच नव्हता.

गुरुवार, शारजा

इथे फितींचे रंग वेगळे होते, चूक तीच होती. फरक इतकाच की टेबलावरचा माणूस म्हणाला, "दोन मिनिटांत बदलून देतो."

"नो, इट्स फाइन," जुई म्हणाली. "राहू दे, बाबा. तुम्हाला ब्रिज वर्कशॉप बघायचंय ना?"

काकांनी "तसं नाही, पण" असं म्हणत फीत गळ्यात घातलीही. मी जुईकडे पाहिलं. ती कार्यक्रमपत्रिकेत दुसरंच पान बघत होती.

विद्यार्थ्यांना दिवसभर आपल्या गटाबरोबर राहावं लागत होतं. पालक कुठल्याही खुल्या तासाला बसू शकत होते. जुई मला घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेली. दारावर 'अरबी–इंग्रजी भाषांतर' असं लिहिलं होतं.

मला अरबी येत नाही; जुईला शाळेत पहिलीपासून आहे. "खलास" आणि "हबीबी" यांवर माझं सगळं काम भागतं. त्यामुळे जे मोजता आलं तेवढंच सांगते. तास चाळीस मिनिटांचा होता, जुईनं सात वेळा हात वर केला. घरी ती एका वेळी चार शब्दांपुढे जात नाही. प्राध्यापक जॉर्डनचे होते. त्यांनी घरभाड्याच्या करारातलं एक लांबलचक वाक्य फळ्यावर लिहिलं आणि इंग्रजीत विचारलं, यात दुरुस्तीचा खर्च कोणावर पडतो? वर्गात दोन तट पडले. जुईनं उठून एका क्रियापदाकडे बोट दाखवलं आणि अरबीत काहीतरी बोलली. प्राध्यापक थांबले, त्यांनी वाक्य परत वाचलं आणि तिला विचारलं, तू कुठली? मग तिच्या छातीवरचं ओळखपत्र वाचून विचारलं, आणि कोणाची पालक?

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "ताई, डोन्ट टेल बाबा."

"मी कोणाला काही सांगत नाही."

"म्हणून तर तुला वर आणलं." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तू तुझी ब्रांच आधी बघितली होतीस?"

"नाही. फॉर्म चिपळूणच्या सायबर कॅफेत बाबांनी भरला. कॅफेवाला म्हणाला, यात सीट मिळेल."

"आवडते?"

"येते."

"दॅट्स नॉट व्हॉट आय आस्क्ड."

मी म्हटलं, काकांचं वर्कशॉप सुटलं असेल. सुटलं नव्हतं. काका आइस्क्रीमच्या काड्यांच्या पुलावर वजनं टांगत होते, आणि त्यांच्या गटातल्या मुली त्यांना "अंकल, वन मोर, वन मोर" म्हणत होत्या. पूल मोडला तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं काकाच ओरडले.

शनिवार, रास अल खैमा

शुक्रवारी काही नव्हतं. शनिवारी आठला निघालो. अल मजाजहून तासाभराचा रस्ता, सरळ, कंटाळवाणा आणि उत्तम. वाटेत करक चहा घ्या, म्हणजे आटवलेला, कडक, दुधाचा. "दोन दिरहम," काका म्हणाले, "म्हणजे पन्नासेक रुपये एका चहाला," आणि दुसरा मागवला. पुढे उजवीकडे डोंगर सुरू होतात, बोडके, तपकिरी. सिमेंटच्या कारखान्यांमुळे त्यांच्या पायथ्याशी सगळं एका रंगाचं दिसतं. काकांना ते फार सुंदर वाटतं.

विद्यापीठ लहान आहे. गर्दी कमी, म्हणून प्रत्येकाला सल्लागाराशी वीस मिनिटं मिळतात. ज्यांना काही ठरवायचंय त्यांनी या वीस मिनिटांसाठी तरी एवढं लांब यावं.

सल्लागार पांढऱ्या केसांच्या स्कॉटिश बाई होत्या. त्यांनी आमच्या गळ्यातल्या उलट्या फितींकडे पाहिलं, हसल्या नाहीत, आणि काकांना समोरच्या खुर्चीवर बसवलं. जुई काकांच्या बाजूला, मी भिंतीशी. बोलणं इंग्रजीत झालं.

"तुम्हाला सिव्हिल इंजिनिअरिंग का करायचंय?" बाईंनी काकांना विचारलं.

हे माझ्यासाठी नाही, मुलीसाठी आहे, असं काका म्हणतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी तोंड उघडलंही. मग मिटलं.

"मी करत होतो," ते म्हणाले. "रत्नागिरीला डिप्लोमा. एक वर्ष झालं, दुसऱ्यात सोडला. घरी एकालाच शिकवणं शक्य होतं." त्यांनी फितीला पीळ घातला. "मॅडम, मी तेवीस-तेवीस मजल्यांच्या इमारतींवर काम केलंय. प्रत्येक गोष्ट कशी करायची ते मला माहितीय. का करायची ते दुसऱ्या कोणालातरी माहीत असतं. तो एसीत बसून सही करतो."

बाईंनी हे लिहून घेतलं. मग शांतपणे सांगितलं की नोकरी करणाऱ्या मोठ्या माणसांसाठी संध्याकाळचा कोर्स आहे, आधी गणिताची परीक्षा द्यावी लागते, आणि जुनी मार्कशीट मिळाली तर बरं. मग त्या जुईकडे वळल्या.

"आणि पालक म्हणून तुमचं काय मत?"

"त्यांनी करावं," जुई म्हणाली. "ही शुड." मग बाईंकडेच बघत म्हणाली, "मी नाही करणार. मी अरबी भाषांतराला अर्ज करणार आहे."

काका माझ्याकडे वळले.

"तुला माहीत होतं?"

"गुरुवारपासून."

"आणि तुला मी कशाला आणलं होतं?"

याचं उत्तर मला माहीत होतं, पण ते त्यांनाही माहीत होतं, म्हणून दिलं नाही.

परत येताना काका चहालाही थांबले नाहीत. मग काका म्हणाले, "अरबी. अरबांच्या देशात अरबी. कोकणात जाऊन नारळ विकण्यातला प्रकार."

"तुम्ही वाळवंटात वाळू विकत घेता, बाबा," जुई मागून म्हणाली. मराठीत.

ते खरं आहे. वाऱ्यानं घासलेली वाळवंटाची वाळू फार गोल आणि बारीक असते, काँक्रीटला चालत नाही. काका चांगली वाळू रास अल खैमाच्या डोंगरातले दगड चुरून केलेलीच मागवतात.

घरी आल्यावर काकूंनी विचारलं, "काय ठरलं?" काका खाली जाऊन खालिद लगूनच्या काठानं एक चक्कर मारून आले. आल्यावर कपाटातून एक फाईल काढली, त्यातून नगरपालिकेचं पत्र काढलं आणि जुईसमोर ठेवलं. सगळं अरबीत, खाली गोल शिक्का.

"वाच."

"टायपिंग सेंटरवाल्याला वाचायला नाही दाखवलं?" काकूंनी विचारलं.

"दाखवलं की कळतं," काका म्हणाले. "गोडाऊन पाडायला सांगितलं असलं तर?"

जुईनं पत्र एकदा मनात वाचलं. मग एकेक ओळ अरबीत मोठ्यानं आणि लगेच मराठीत, अडखळत. एका शब्दाला थांबली आणि काकूंकडून "कुंपण" घेतलं. पत्रात लिहिलं होतं की गोडाऊनच्या कुंपणाबाहेर ठेवलेला कचऱ्याचा डबा कृपया आत घ्यावा.

"एवढंच?"

"आणि शेवटी तुमच्या सहकार्याबद्दल आभार मानलेत."

"दोन महिने मी झोपलो नाही या पत्रापायी," काका म्हणाले. "परत वाच."

तिनं परत वाचलं. या वेळी काका मराठीसाठी थांबले नाहीत, अरबी चाललं होतं तेव्हाच तिच्याकडे बघत होते. नंतर त्यांनी पत्र फाईलला लावलं.

"दुसऱ्या पसंतीला तरी सिव्हिल टाक."

"नाही, बाबा."

काकूंनी मधे पडायचा प्रयत्न केला. काकांनी हात वर केला.

"बरं," ते म्हणाले. "खलास. भर तू. तूच भर."

रविवारी चार वाजून वीस मिनिटांनी तिनं फॉर्म पाठवला. मी तेव्हा देराला परतायच्या बसमध्ये होते. तिचा मेसेज आला: 'डन.'

असा दौरा करणाऱ्यांसाठी माझा सल्ला थोडका आहे. तीन विद्यापीठं पुरतात. एक दिवस मधे मोकळा ठेवा. डब्याची गरज नाही. मुलाला ज्या विषयासाठी नेताय त्याशिवाय एका तरी दुसऱ्या वर्गात बसू द्या, आणि तुम्ही त्या वेळी दुसरीकडे कुठेतरी गुंतलेले असा. काकांच्या चुकीमुळे हे आपोआप घडलं. ठरवून घडवलं असतं तर जमलं असतं का, सांगता येत नाही. एका नमुन्यावरून मी निष्कर्ष काढत नाही.

मंगळवारी कामावर असताना चिपळूणहून बाबांचा फोन आला.

"सुधाकरचा फोन आलेला. त्याला डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाची मार्कशीट हवीय म्हणे. काय झालंय त्याला?"

"कॉलेजला जायचंय."

"जुईला?"

"काकांना."

बाबांची स्वतःची पदवी आहे, रत्नागिरीचीच, त्याच वर्षांतली. मी म्हटलं, तीस वर्षांवर झाली, जुन्या ट्रंका काढाव्या लागतील, शोधायला वेळ लागला तर तसं काकांना कळवते.

"शोधायची नाहीये," बाबा म्हणाले. "माझ्या सर्टिफिकेटांच्या फाईलीत आहे. माझ्या मार्कशीटच्या खालीच."